ॲप म्हणालं ‘६/६’, पण डोळ्याच्या पडद्याचं काय?

यंदा आखाजीला जळगावहून धुळ्याला मामांकडे गेलो होतो. मांडे-आमरस झाल्यावर मामा म्हणाले, “माझ्या मोबाईलमध्ये डोळे तपासायचं ॲप टाकून दे.” टाकलं. निकाल ६/६! मामांना शुगर आणि बीपी आहे, तरी आम्ही निर्धास्त झालो. महिन्याभराने डॉक्टरांनी थेंब टाकून पडदा पाहिला, तर त्यावर रक्ताचे बारीक ठिपके!

ॲप खोटं बोललं नव्हतं. अक्षरं वाचता येतात का, एवढंच ते तपासतं. आतला पडदा, म्हणजे रेटिना, त्याला दिसतच नाही.

आत नेमकं काय होतं? गोड जास्त, हालचाल कमी, की पोट सुटतं आणि इन्सुलिनचा असर घटतो. कंबर, बीपी, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड्स आणि चांगलं कोलेस्टेरॉल या पाचपैकी तीन गोष्टी बिघडल्या, की तो मेटाबॉलिक सिंड्रोम. पुढे डायबेटिसचा धोका वाढतो. वाढलेली साखर आणि बीपी पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर करतात. त्या फुगतात, गळतात, काही बंद पडतात. दुखत मात्र काहीच नाही, आणि सुरुवातीला दिसतंही नीट.

मग मोबाईल बिनकामाचा? तसंही नाही. मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांत डायबेटिसच्या रुग्णांवर एक चाचणी झाली. निकाल २०१९ मध्ये आले. मोबाईलला पडद्याचा फोटो काढणारा खास कॅमेरा जोडलेला, आणि एआय फोनमध्येच, इंटरनेटशिवाय. २१३ जणांमध्ये डॉक्टरांकडे पाठवायलाच हवा असा एकही रुग्ण सुटला नाही. गरज नसलेल्यांपैकी शंभरातल्या साधारण १२ जणांना मात्र त्याने उगाच ‘दाखवा’ म्हटलं.

साक्री, यावलच्या पाड्यांवर रेंज मिळत नाही, तिथे असं ऑफलाइन यंत्र खरं कामाचं. पण फोटोनंतर लेसर किंवा इंजेक्शन देणारा डॉक्टरही जवळ हवा, नाहीतर निकाल फोनमध्येच पडून राहणार.

आणि आपलं काय? कोल्ड्रिंकच्या लेबलवर १०० मिलीला १० ग्रॅम साखर लिहिली असेल, तर ६०० मिलीच्या बाटलीत ६० ग्रॅम, म्हणजे १५ चमचे! कंबरही मोजा: मोठ्या पुरुषांची ९० आणि मोठ्या स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

घरात कुणाला शुगर असेल, तर ‘चष्म्याचा नंबर कधी काढला?’ एवढ्यावर थांबू नका. ‘पडदा कधी तपासला?’ हेही विचारा. वर्षातून एकदा तरी. मी मामांना हे उशिरा विचारलं.