वाचनालय : देणगीचे की हक्काचे?

महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या ठिकाणचे सार्वजनिक वाचनालय संध्याकाळच्या वेळी पाहिले, तर तेथे दोन वेगळी जगे शेजारी शेजारी नांदताना दिसतात. खाली वृत्तपत्रांच्या टेबलाभोवती निवृत्त मंडळी बसलेली असतात. वर अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी तरुण मुले-मुली मान खाली घालून बसलेली असतात. मधल्या मजल्यावर कपाटांत हजारो ग्रंथ असतात आणि त्यांच्याकडे या दोहोंपैकी फारसे कोणी फिरकत नाही. वर्षातून एकदा सभागृह गजबजते, व्याख्यानमाला होते, दुसऱ्या दिवशी वृत्तान्त छापून येतो, आणि पुन्हा वर्षभर सतरंज्या गुंडाळून ठेवल्या जातात. ग्रंथालयाचा कायदा होऊन अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही हे चित्र असेच असेल, तर दोष वाचकांच्या अनास्थेवर ढकलून मोकळे होता येणार नाही. दोष व्यवस्थेच्या रचनेतच कोठे आहे, हे तपासावे लागेल.

महाराष्ट्रातील ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे, आणि तिचा अभिमान वाटावा अशीच ती आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर 1848 चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर 1850 चे. पुढे ठाण्यात 1893 साली आणि मुंबईत 1898 साली मराठी ग्रंथसंग्रहालये उभी राहिली ती मराठी भाषेच्या कळकळीतून. या संस्था वर्गणी, देणगी आणि निःस्वार्थ कार्यकर्त्यांचे श्रम यांवर जगल्या. परंतु ज्याने वर्गणी दिली त्याचे वाचनालय, हा नियमही त्यांच्याबरोबरच आला. ज्याच्या घरी अक्षरओळख होती, ज्याच्या खिशात वर्गणीपुरते पैसे होते आणि ज्याला गावातील प्रतिष्ठितांच्या शेजारी बसण्याची मुभा होती, तोच वाचक ठरला. नावात ‘सार्वजनिक’ हा शब्द होता. पण ज्यांच्या वस्तीतून त्या इमारतीकडे जाणारी वाटच नव्हती, असा मोठा समाज त्या शब्दाच्या बाहेर राहिला.

या परंपरेला छेद देणारा प्रयोग मराठी राजाच्याच हातून झाला. सयाजीराव गायकवाडांनी 1906 साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शिकलेला मुलगा शाळा सुटताच पुन्हा निरक्षर होऊ नये, यासाठी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून त्यांनी संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. लाकडी पेट्यांतून पुस्तके खेड्याखेड्यांत फिरू लागली. वाचकाने ग्रंथाकडे यावे ही अपेक्षा बाजूस सारून ग्रंथानेच वाचकाकडे जावे, हे तत्त्व तेथे प्रथम शासनाचे धोरण बनले. त्यानंतर फैजी समितीने 1940 साली मुंबई प्रांतासाठी मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत पोचणारी टप्प्याटप्प्याची योजना सुचविली. 1945 साली कोल्हापूर संस्थानाने तर सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाच केला. या देशातील तसा तो पहिला कायदा होय. म्हणजे ग्रंथालय ही दात्याच्या मर्जीची बाब नसून राज्याचे कर्तव्य आहे, हा विचार या भूमीस परका नव्हता.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 साली संमत झाला आणि 1 मे 1968 पासून अमलात आला. त्याने ग्रंथालय संचालनालय दिले, अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदानाची पद्धत दिली, आणि त्यामुळे अकरा-बारा हजारांच्या घरात ग्रंथालये उभी राहिली. हे यश लहान नाही. परंतु याच कायद्याने एक निर्णय टाळला, आणि त्याची किंमत आजही मोजली जात आहे. मद्रासने 1948 साली आणि कर्नाटकाने 1965 साली ग्रंथालयासाठी स्वतंत्र कर बसविला. महाराष्ट्राने तो बसविला नाही. त्याऐवजी राज्याने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान 25 लाख रुपये घालावेत, एवढीच तरतूद केली. प्रत्यक्षात खर्च त्याहून कितीतरी अधिक होत आला हे खरे. परंतु तो कायद्याने बांधलेला नसून प्रत्येक वर्षीच्या अंदाजपत्रकाच्या कृपेवर अवलंबून राहिला. जे कृपेने मिळते ते मागण्यासाठी दरवेळी मंत्रालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

त्या पायऱ्या चढून काय मिळाले, हे पाहण्यासारखे आहे. 2012 साली अनुदान वाढले, त्यानंतर दहा वर्षे त्यात बदल झाला नाही. 2022 साली 60 टक्के वाढीचा निर्णय झाला आणि ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान 30 हजारांवरून 48 हजार रुपयांवर गेले. अनुदानाचा निम्मा भाग वेतनासाठी धरला, तर वर्षाला 24 हजार, महिन्याला 2 हजार, म्हणजे दिवसाला साधारण 67 रुपये होतात. 2024-25 साली रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रातील दिवसाची मजुरी 297 रुपये होती. लहान वाचनालयाचे काम दिवसातून काही तासांचेच असते, ही गोष्ट हिशेबात धरली तरी हा आकडा लाजिरवाणा आहे. गावाच्या ज्ञानाची किल्ली ज्याच्या हाती द्यायची, त्याला दुसऱ्या कामावर पोट भरून उरलेल्या वेळात ती किल्ली फिरवावी लागते. व्यंकप्पा पत्की समितीने वेतनश्रेणी व सेवाशर्ती यांचा विचार मांडल्याला दोन दशके उलटून गेली. वीस हजारांहून अधिक ग्रंथालय सेवक अद्याप त्या शिफारशींकडे डोळे लावून आहेत.

सेवकाच्या या हलाखीचा आणि कपाटांतील धुळीचा संबंध सरळ आहे. ग्रंथालयाची सेवा म्हणजे केवळ पुस्तकाची नोंद करून ते हातात देणे नव्हे. कोणत्या वाचकाला काय हवे आहे हे ओळखणे, आठवीतल्या मुलीच्या हाती तिला पुढे नेईल असे पुस्तक ठेवणे, शेतकऱ्याला पीकविम्याच्या कागदातील अट समजावून देणे, माहितीच्या अधिकाराचा अर्ज कोणाकडे करावा हे सांगणे, गावाच्या जुन्या सनदा, बखरी, नियतकालिके जपून ठेवणे, हे सारे त्या सेवेत येते. हे काम शिकलेल्या, स्थिर आणि सन्मानाने जगणाऱ्या माणसाचे आहे. दिवसाला 67 रुपयांत ते मागणे हा शोषणाचाच एक प्रकार होय, मग तो संस्कृतीच्या नावाने का होईना.

अभ्यासिकांविषयी जुने सभासद नाक मुरडतात. ‘वाचनालयाची खोल्या भाड्याने देणारी संस्था झाली,’ अशी तक्रार ऐकू येते. या तक्रारीत सत्याचा अंश असला, तरी तिचा रोख चुकीच्या दिशेला आहे. एका खोलीच्या घरात पाच माणसे राहत असतील, तर त्या घरातील मुलीला टेबल, दिवा आणि शांतता देणारी दुसरी जागा गावात कोणती? परीक्षेच्या दारात उभी असलेली ही मुले चैन म्हणून तेथे आलेली नाहीत. बेरोजगारीने त्यांना तेथे आणून बसविले आहे. प्रश्न एवढाच आहे की, वाचनालयाने त्यांना खुर्चीपलीकडे काय दिले. मासिक शुल्क घेऊन खुर्ची देणे हा व्यवहार झाला, आणि तो गल्लीतील खासगी अभ्यासिकाही करते. त्या मुलांना संदर्भग्रंथ, जाणत्या माणसांचे मार्गदर्शन आणि परीक्षेत अपयश आले तरी माणूस म्हणून उभे राहण्याचे बळ देणारे वाचन मिळाले, तर ते सार्वजनिक सेवा ठरेल. वरच्या मजल्यावरून मधल्या मजल्यापर्यंत जिना आहे. त्यावरून त्यांना खाली आणणारे कोणी नाही.

कार्यक्रमांचा विचारही याच कसोटीवर व्हावा. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्रात व्याख्यान हे लोकशिक्षणाचे साधन मानले गेले. पुढे गावोगावच्या वाचनालयांनी ही ज्योत जपली, आणि अनेक पिढ्यांची वैचारिक जडणघडण त्या सभागृहांत झाली. परंतु आज पुष्कळ ठिकाणी कार्यक्रम हा विधी बनला आहे. 2015 पासून 15 ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन साजरा होतो; प्रतिमेला हार घातला जातो, छायाचित्र निघते, अहवाल वरच्या कार्यालयाकडे रवाना होतो. त्या दिवशी किती नवे वाचक नोंदले गेले, हे कोणी विचारीत नाही. व्याख्यानमालेच्या वक्त्यांची यादी शहराकडे पाहून ठरते, श्रोत्यांची पहिली रांग देणगीदारांसाठी राखून ठेवली जाते, आणि वेळ अशी निवडली जाते की घरचा स्वयंपाक टाकून कोणत्याही बाईला येता येऊ नये.

याहून वेगळे करता येते याला पुरावा आहे. केरळात 1945 साली पी. एन. पणिक्कर यांच्या पुढाकाराने ग्रंथशाळांचा संघ उभा राहिला. 1989 च्या कायद्याने तेथे ग्रंथालयांच्या प्रतिनिधींतून निवडलेली परिषद आली, आणि स्थानिक संस्थांच्या घरपट्टीवर अधिभार बसवून तिला पैसा मिळाला. तेथील ग्रामीण ग्रंथशाळा ही गावाची बैठक आहे. साक्षरतेचे वर्ग, वादविवाद, नाटक, मुलांचे मेळावे त्याच छपराखाली होतात, आणि स्त्रियांच्या घरी पुस्तके पोचविण्याची योजनाही तेथे राबविली गेली. महाराष्ट्रात 2017 साली भिलार हे पुस्तकांचे गाव झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पर्यटक पाहायला येतील असे एक गाव सजविणे सोपे असते; जेथे पर्यटक कधीच जाणार नाहीत अशा हजारो गावांत रोज संध्याकाळी दिवा लागेल याची तजवीज करणे कठीण असते. शासनाची परीक्षा या दुसऱ्या कामात आहे.

यावर काही आक्षेप घेतले जातात. कर बसविला म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे, हा आक्षेप खरा आहे. कर्नाटकात वसूल झालेला ग्रंथालय कर ग्रंथालयांकडे न वळविल्यामुळे बंगळुरूच्या महापालिकेकडे मोठी थकबाकी साचल्याचा अनुभव आहे. म्हणून कराबरोबरच तो थेट ग्रंथालय निधीत जमा होण्याची सक्ती हवी. अनुदान लाटणारी कागदी ग्रंथालये असतात, हा दुसरा आक्षेपही खोटा नाही. 2012 साली राज्यभर पडताळणी झाली ती त्याचसाठी. परंतु त्यानंतर दीर्घ काळ नव्या ग्रंथालयांना मान्यता देणेच थांबले. चोराला पकडण्याऐवजी बाजारच बंद करण्याचा हा न्याय झाला. त्याचा फटका बसला तो ज्या वस्त्यांत वाचनालय कधीच नव्हते, त्या आदिवासी पाड्यांना आणि शहरांच्या कडेच्या नव्या वसाहतींना. तिसरा आक्षेप हातातील फोनचा. सर्व ज्ञान फोनवर मिळत असता वाचनालय कशाला, असे विचारले जाते. फोन माहितीचा लोंढा आणून सोडतो. त्यातले खरे कोणते आणि खोटे कोणते हे चार माणसांत बसून तपासण्याची जागा तो देत नाही. उलट या लोंढ्यामुळेच जाणत्या ग्रंथपालाची गरज वाढली आहे.

ग्रंथालयांचे सरकारीकरण करावे, असा याचा अर्थ नाही. लोकांच्या संस्था लोकांच्याच हाती राहाव्यात. पण त्या खरोखर लोकांच्या असाव्यात. त्यासाठी काही गोष्टी ताबडतोब करता येतील. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक ग्रंथालयात बसून वाचणे विनामूल्य असावे, आणि मुलांना व शेतमजूर-कामगार कुटुंबांना अनामत रकमेची अट असू नये. युनेस्कोचा 1994 चा जाहीरनामा सार्वजनिक ग्रंथालय तत्त्वतः निःशुल्क असावे असे सांगतो. अनुदानाच्या नियमांत ते तत्त्व यावे. कार्यकारी मंडळावर स्त्रिया, दलित, आदिवासी आणि अभ्यासिकेतील तरुण यांना जागा असाव्यात. सेवकाला किमान वेतनाची हमी मिळावी. ग्रंथालयाची प्रतवारी केवळ ग्रंथसंख्येवर न ठरता, वर्षभरात किती नव्या वाचकांपर्यंत ते पोचले यावरही ठरावी.

पैसा कोठून आणावा, या प्रश्नाचे उत्तर याच राज्याच्या इतिहासात आहे. शहरातील पगारदाराकडून व्यवसाय कर घेऊन खेड्यातील मजुराच्या हाताला काम देण्याची कल्पना महाराष्ट्राने 1975 साली स्वीकारली आणि ती देशाला दाखवून दिली. पोटाच्या भुकेसाठी जे झाले, ते मनाच्या भुकेसाठी होऊ नये असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. घरपट्टीच्या रुपयामागे काही पैसे वाचनालयासाठी देणाऱ्या नागरिकाला त्या वाचनालयाच्या दारात ताठ मानेने उभे राहून विचारता येईल की, येथे माझ्या मुलीसाठी काय आहे? देणगीदाराला धन्यवाद द्यावे लागतात. करदात्याला जाब विचारता येतो. वाचनालयाला आज गरज आहे ती अशा जाब विचारणाऱ्या वाचकांची, आणि तो जाब देता येईल इतके बळ असलेल्या ग्रंथपालाची.