काल्पनिक फुटबॉलचा लिलाव : आधीं नियम, मग बोली

क्रिकेटच्या इंडियन प्रीमियर लीगमुळें २००८ सालापासून खेळाडूंचा लिलाव ही गोष्ट आपल्या घरोघरीं परिचित झाली आहे. तेथें खऱ्या संघांचे मालक कोट्यवधि रुपये मोजतात. याहून निराळा, कवडीहि खर्च न करतां मित्रमंडळींत करतां येण्याजोगा असा दुसरा एक लिलाव आहे, आणि तोच प्रस्तुत लेखाचा विषय होय. त्याचें एक सुव्यवस्थित रूप इटली देशांत पाहावयास मिळतें. तेथें या खेळास 'फांताकाल्चो' म्हणतात. रिकार्डो आल्बिनी नांवाच्या पत्रकारानें अमेरिकेंतील बेसबॉलच्या अशाच एका खेळावरून कल्पना घेऊन तो रचिला, व १९९० सालीं त्याचें पुस्तक प्रसिद्ध केलें.

खेळ असा. आठ-दहा मित्र एकत्र जमतात. प्रत्येकास 'क्रेडिट' नांवाचीं सारखींच, बहुधा ५००, काल्पनिक नाणीं मिळतात. इटलीच्या पहिल्या श्रेणींतील २० क्लबांच्या खेळाडूंपैकीं २५ जण त्यांतून बोली लावून घ्यावयाचे : ३ गोलरक्षक, ८ बचाव करणारे, ८ मधल्या फळीचे व ६ आघाडीचे. जो खेळाडू एकानें घेतला तो दुसऱ्यास मिळावयाचा नाहीं. मग दर फेरीस आपल्या पंचवीसांतून ११ जण निवडावयाचे. खऱ्या सामन्यांतील त्यांच्या खेळाबद्दल वृत्तपत्रांचे समीक्षक दहापैकीं जे गुण देतात, ते त्यांच्या नांवावर जमा होतात. गोल केल्यास ३ गुण अधिक, पिवळें कार्ड मिळाल्यास अर्धा वजा, तांबडें मिळाल्यास एक वजा. संघाची बेरीज ६६ वर गेली म्हणजे त्या संघानें एक गोल केला असें मानितात.

मुलांना यांतील सारी मौज लिलावांत दिसते, व तें स्वाभाविकहि आहे. परंतु माझ्या मतें या खेळांतील सर्वांत मोलाचा प्रसंग लिलावाच्या आदल्या बैठकींत, नियम लिहून काढतांना येतो. त्या दिवशीं कोणाच्याच हातीं कोणी खेळाडू नसतो. म्हणून कोणता नियम आपणांस तारील व कोणता मारील, हें कोणासच ठाऊक नसतें. सर्वांचें अज्ञान सारखें असतें तोंवरच न्याय्य नियम होऊं शकतो. एकदां लिलाव आटोपला कीं प्रत्येक नियमामागें कोणाचा तरी लाभ उभा राहतो, आणि मग वाद करणारा मनुष्य न्यायाच्या नांवानें आपल्या खेळाडूचीच वकिली करूं लागतो. "आपण सारे मित्रच आहों, वेळ येईल तेव्हां पाहूं," असें म्हणणारा एक तरी गडी प्रत्येक मंडळींत असतोच. त्याचें ऐकूं नये. मित्र आहों म्हणूनच नियम लिहावयाचे. परक्याशीं भांडण झालें तर फारसें कांहीं बिघडत नाहीं.

कांहीं नियम केवळ गणिताचे आहेत, त्यांविषयीं मतभेद होण्याचें कारण नाहीं. प्रत्येक रिकाम्या जागेसाठीं निदान एक नाणें शिल्लक राहिलेंच पाहिजे, नाहीं तर एखाद्याचा संघ पंधरा-सोळांवरच अडून राहावयाचा. म्हणजे ५०० नाणीं व २५ जागा असतां पहिल्या खेळाडूवर कोणासहि ४७६ हून अधिक बोलतां येणार नाहीं. आणि ६० नाणीं व १० जागा उरल्या असतां ५१ हून अधिक नाहीं. प्रत्येक बोलीच्या वेळीं हा हिशेब तोंडीं करावा लागतो. अंकगणिताचा कंटाळा असणाऱ्या मुलास तो कसा झटपट येऊं लागतो, हें पालकांनीं एकदां पाहावें.

क्रमाचा नियम याहून नाजूक आहे. आधीं सर्व गोलरक्षक, मग बचाव करणारे, मग मधली फळी व सर्वांच्या शेवटीं आघाडीचे, असा क्रम इटलींत पुष्कळ ठिकाणीं पाळितात. यांत ज्यास हात आंखडतां येतो त्याचें फावतें. कोणीहि कोणतेंहि नांव पुकारावें असें ठरविलें तर खेळ अधिक धांदलीचा होतो, व नावडत्या खेळाडूचें नांव मुद्दाम घेऊन दुसऱ्याची थैली रिकामी करण्याची युक्ति साधते. दोन्ही रीती चांगल्या; मात्र कोणती पाळावयाची तें पहिल्या बोलीपूर्वीं ठरलें पाहिजे.

खरी कसोटी लागते ती विकत घेतलेला खेळाडू देशच सोडून गेला म्हणजे. क्रिस्तियानो रोनाल्डो यानें २०२०-२१ च्या हंगामांत युव्हेंटस संघाकडून इटलीच्या लीगमध्यें सर्वांत अधिक, २९, गोल केले होते. पुढचा हंगाम ऑगस्ट २०२१ मध्यें सुरू झाला, पहिल्या सामन्यांत तो खेळलाहि, आणि महिना संपतो न संपतो तोंच इंग्लंडांतील मँचेस्टर युनायटेडकडे निघून गेला. ज्यानें त्यापूर्वींच लिलावांत आपली थैली त्याच्यावर रिती केली असेल, त्याचें काय? कोणी म्हणेल, दैवाचा खेळ, एक नाणेंहि परत देऊं नये. कोणी म्हणेल, अर्धें द्यावें. मला पूर्ण किंमत परत देणेंच योग्य वाटतें. कारण यांत मालकाची अजागळ निवड नाहीं. यावर आक्षेप येतो कीं जानेवारींत बदल्यांचा बाजार पुन्हां उघडला व एखादा नामांकित नवा खेळाडू आला, तर ज्याच्यापाशीं ही परत आलेली रक्कम असेल तोच त्यास घेऊन जाईल. आक्षेप खरा आहे. पण एका अंगाचा अन्याय टाळावयाचा तर दुसऱ्या अंगास थोडी झीज सोसावीच लागते. शक्य असल्यास उन्हाळ्यांतील बाजार बंद होईपर्यंत लिलावच लांबवावा. दोन-तीन फेऱ्या बुडाल्या तरी चालतील.

अशीच गोष्ट बंद पडलेल्या स्पर्धेची. करोनाच्या सांथीमुळें २०२० च्या मार्चमध्यें इटलीच्या लीगचे सामने थांबले ते २० जूनपर्यंत सुरू झाले नाहींत. ज्या मंडळीच्या वहींत याविषयीं एक ओळहि नव्हती, तेथें आघाडीवरील गड्यानें "येथेंच संपवा" म्हणावें व मागें पडलेल्यानें "थांबूं या" म्हणावें, यांत नवल तें कोणतें? एखादाच सामना पुढें ढकलला गेला तर त्यांतील सर्वांस सरसकट ६ गुण देण्याची वहिवाट तेथें आहे. ती मला सोयीची वाटते. खेळाडूंची अदलाबदलहि हंगामाच्या अखेरीस बंद ठेवावी, म्हणजे तळाशीं गेलेला मित्र आपला हुकमी एक्का फुकट दुसऱ्याच्या पदरांत घालणार नाहीं.

आतां पालकांची शंका : हा जुगार नव्हे काय? पैसा लावला तर आहे, असें मी स्पष्ट म्हणतों. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ चालविण्यास मनाई करणारा कायदा आपल्या संसदेनें २०२५ सालीं संमत केला, तो कांहीं उगाच नव्हे. म्हणून वर्गणी नको, बक्षिसाची रक्कम नको, "पांच-पांच रुपयेच तर आहेत" हेंहि नको. सर्वांस सारखींच खोटीं नाणीं मिळतात, हाच या खेळांतील मोठा गुण आहे. श्रीमंताच्या मुलास येथें एकहि बोली अधिक लावतां येत नाहीं. खरे रुपये आंत आले कीं हा समभाव दारांतूनच परत जातो. जी मुलें वहीवर हा खेळ खेळूं पाहतात, त्यांस घरच्यांनीं केवळ लिलाव या शब्दाच्या धाकानें अडवूं नये; वही मागावी व पहिलें पान वाचून पाहावें.

ती वही कोणी ठेवावी? ज्याचा स्वतःचा संघ आहे त्यानें निश्चितच नव्हे. फुटबॉलची मुळींच गोडी नसलेली एखादी थोरली बहीण मिळाली तर फारच उत्तम. रोनाल्डो कोण, हें तिला ठाऊक नसलें तरी चालेल, अक्षर मात्र वाचण्याजोगें असावें.