काडी घ्यावी की छत्री?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

बेकारी, हुंडा, नापिकी असे ज्वलंत विषय समोर असताना ही मुलगी टीव्हीवर काय लिहीत बसली, असे कुणी म्हणेल. म्हणोत बापडे! आमच्या घरात गेल्या दिवाळीपासून याच विषयावर जितकी चर्चा झाली तितकी माझ्या लग्नावरही अजून झालेली नाही. आणि त्या चर्चेत शेवटचा शब्द माझा मानला गेला. कारण काय, तर घरात कॉलेजला जाणारी मीच पहिली. ‘तू शिकलेली हाय, तूच सांग,’ असे बाबा म्हणाले, तेव्हा प्रथम बरे वाटले. नंतर मात्र घाम फुटला.

मी देऊळघाटची. पैनगंगेच्या काठचे आमचे गाव बुलढाण्याच्या इतके जवळ, की तिथले वारे लागायला वेळ लागत नाही. सोयी यायला मात्र लागतो. आमच्या गल्लीत केबलची तार आहे, तारेचे इंटरनेट नाही. त्या तारेचे मालक असलेले दादा दिवाळीच्या आधी हिशेबाची वही घेऊन आले आणि म्हणाले, ‘आता परवडत नाही. लाईन बंद करतो.’ पूर्वी गल्लीत बहुतेक घरी त्यांचे कनेक्शन होते. आता थोडीच घरे उरली आहेत. २०१६ साली जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि गल्लीतली तरुण पोरे टीव्हीसमोरून उठून ओट्यावर मोबाईल घेऊन बसली, ती परत घरात आलीच नाहीत.

केबलवाल्यांचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. १९९१ नंतर केबल शहरांतून पसरली, १९९५ साली तिचा कायदा झाला, आणि पुढे सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. खेड्यांसाठी त्याची शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ होती. २०१९ साली ट्रायने नवे दर लावले तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये, वर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि पैशांच्या वाहिन्या निराळ्या, असा हिशेब आला. तो आमच्या गल्लीत कुणालाच नीट समजला नाही. वाहिनी दिसेनाशी झाली की दादांना शिव्या, एवढेच आम्हांला समजले! पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सोयाबीन विकले जाईपर्यंत हे दादा थांबत. दोन-दोन महिन्यांची बाकी वहीत लिहून ठेवीत. वादळात तार तुटली की खांबावर चढायला माणूस येई. ॲप उधारी ठेवत नाही. मुदत संपली की पडद्यावर चौकट येते, आणि तिच्याशी भांडताही येत नाही.

कॉलेजमध्ये मैत्रिणींना विचारले तर त्या हसल्या. ‘केबल आता कोण पाहतं? स्टिक घे!’ दादानेही (हा माझा सख्खा भाऊ, बुलढाण्याला दुकानात कामाला आहे) तेच मनात धरले होते. अडीच-तीन हजारांपासून पाच-सहा हजारांपर्यंत या वस्तू मिळतात. त्याने पगारातून स्वस्तातली एक आणली. बोटभर लांबीची ती वस्तू पाहून आजी म्हणाली, ‘एवढ्याशा काडीत एवढे मानसं मावतीन का?’

काडी टीव्हीला लावायला गेलो तर भोकच नाही! आमचा टीव्ही मी पहिलीत असताना घेतलेला, मागे कुबड असलेला. त्याला लाल, पांढरे, पिवळे अशी तीन गोल भोके आहेत आणि काडीला हवा असतो चपटा एचडीएमआय. ज्याने काडी विकली त्याने टीव्ही कोणता आहे हे विचारले नाही, आणि आम्हीही सांगितले नाही. मग काहीशे रुपयांचा एक कन्व्हर्टर आणला. चित्र आले, पण पडद्यावरची अक्षरे अशी पुसट, की मलाही टीव्हीच्या जवळ जाऊन वाचावी लागली. वाचकहो, कुणी घेणार असाल तर आधी आपल्या टीव्हीच्या पाठीमागे पाहा, मग जाहिरात पाहा.

तरी हे दुखणे किरकोळच. खरे दुखणे पुढे आहे. काडीत स्वतःचे काहीच नसते. ती इंटरनेटवरून येईल ते दाखवते. आमच्या घरात मोबाईल तीन. बाबांचा बटणांचा, दादाचा त्याच्याबरोबर बुलढाण्याला जातो, आणि माझा माझ्याबरोबर. माझ्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालतो, म्हणजे मी सकाळी एस.टी.त बसले की घरातला टीव्ही माझ्या पिशवीत बसून कॉलेजला येतो! आजीने हे एका वाक्यात सांगितले : ‘तू गेली का टीव्ही बी गेला.’ दुपारी ती एकटी असते. पाय अधू झाल्यापासून तिचे शेतात जाणे बंद आहे. शेजारच्या खाला आल्या तर दोघी मिळून टीव्ही पाहतात, आणि मालिकेतल्या सासूला दोघी मिळून नावे ठेवतात.

आता डेटाचा हिशेब पाहा. माझ्या पॅकमध्ये दिवसाला २ जीबी. चित्राचा दर्जा साधा ठेवला तरी तासाला पाऊण ते एक जीबी जातो. एचडी ठेवला तर तीनपर्यंत. म्हणजे आजीने दोन-अडीच तास टीव्ही पाहिला की माझा दिवस संपला. परीक्षेच्या आधी मला यू-ट्यूबवर राज्यशास्त्राची व्याख्याने ऐकायची असतात. शिकवणी लावण्याची आमची ऐपत नाही. आजीची मालिका की माझे व्याख्यान, हा प्रश्न रोज संध्याकाळी घरात उभा राहू लागला. शिकलेल्या मुलीचा डेटा मौल्यवान आणि म्हातारीचा वेळ फुकटचा, असे कुणी उघड बोलले नाही. पण आजी आपण होऊन ‘बंद कर वं, मले झोप आली’ म्हणू लागली. साडेआठ वाजता कुणाला झोप येते?

शिवाय रिमोट! आजीला अक्षर येत नाही, पण आकडे येतात. नोटांवरून शिकली. केबलवर तिला तिच्या वाहिनीचा आकडा पाठ होता, अंधारातसुद्धा लावायची. काडीवर आकडे नाहीत. तिथे चित्रांच्या रांगा, त्यांतून डावीकडे जा, खाली जा, मग ॲप उघडा. झी मराठीची मालिका झी५ वर, स्टार प्रवाहची जिओहॉटस्टारवर. हे जिओहॉटस्टारही दोन जुनी ॲपे एकत्र होऊन १४ फेब्रुवारी २०२५ ला निघालेले. हे मला पाठ करायला वेळ लागला, तिथे आजीचे काय? बोलून शोधण्याचेही बटण आहे. दादाने मोठ्या हौसेने तिच्या तोंडापुढे धरले. ती म्हणाली, ‘माही मालिका लाव नं बाप्पा.’ त्या यंत्राने कुठलेसे हिंदी भजन लावले. आम्ही सगळे पोट धरून हसलो, आजीही हसली; पण पुन्हा त्या बटणाला तिने हात लावला नाही.

यावर उपाय मला माझ्या अभ्यासक्रमात सापडला नाही, मामाच्या घराच्या पत्र्यावर सापडला. डीडी फ्री डिश! डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ही सेवा सुरू झाली. छत्री आणि डबा मिळून दोन हजारांच्या आसपास एकदाच खर्च, महिन्याचे भाडे नाही, इंटरनेट नाही. डब्याची वायर त्याच लाल-पांढऱ्या-पिवळ्या भोकांत बसते. मुख्य म्हणजे वाहिन्यांना आकडे आहेत! आमच्याकडून छत्रीचे तोंड आग्नेयेकडे करावे लागते. मोठ्या पावसात चित्र जाते, आणि वानरांनी छत्री हलवली तरी जाते. खासगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन येतात, म्हणून त्यांची यादी बदलत राहते. सह्याद्री मात्र तिथे कायम आहे.

उणीव एकच, पण मोठी : आजीची साडेआठची मालिका त्यावर नाही. तेव्हा फुकट ते सगळे पुरेसे, असे मी म्हणणार नाही. गरिबाने बातम्या आणि शेतीविषयक कार्यक्रम पाहावेत, मालिकांचा शौक करू नये, असे काही सुशिक्षित लोक म्हणतात. त्यांनी एकदा दिवसभर एकटे खाटेवर पडून पाहावे.

ज्यांच्या गल्लीत तारेचे इंटरनेट आले आहे, टीव्ही नवा आहे आणि दुपारीही घरात कुणीतरी वाचणारे माणूस असते, त्यांनी खुशाल काडी घ्यावी. प्रसारभारतीचे ‘वेव्हज’ ॲपही २० नोव्हेंबर २०२४ पासून आहे, दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावर थेट दिसतात. पण काडी आणण्यापूर्वी घरात दिवसा कोण असते, हे एकदा मोजावे. आम्ही ते मोजले नव्हते. मी तर नाहीच. मी फक्त मैत्रिणींचे हसणे मोजले होते.

आता पत्र्यावर छत्री आहे. आजीने सह्याद्रीचा आकडा दोन दिवसांत पाठ केला. रात्री साडेआठला माझा मोबाईल पितळी तांब्याला टेकवून तिच्यापुढे ठेवते. छोट्या पडद्यावर अर्ध्या तासाला डेटाही कमी जातो. खाला आल्या तर दोघी डोक्याला डोके लावून पाहतात. व्याख्याने मी त्यानंतर ऐकते. काडी तिच्या खोक्यात घालून कपाटावर ठेवली आहे, आणि तिच्या कन्व्हर्टरचे पैसे दादा अजून माझ्याकडे मागतो.