एका पाटीवरची चार नावं

धाकट्या बहिणीचं बाळंतपण करायला आई गेली होती. मी गेले ती भाचा दीड वर्षाचा झाल्यावर, गेल्या वर्षी. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या एका उपनगरात तिचं घर आहे. नवरा सकाळी लंडनची गाडी पकडतो, तो संध्याकाळी सातला परततो. मधले बारा तास ती, बाळ आणि खिडकीबाहेरचा पाऊस. शेजारी चांगले आहेत, पण दार लोटून "काय गं, चहा झाला का?" म्हणत आत येणारं कुणी नाही. फोनवर ती "मजेत आहे" म्हणायची. पण मोठ्या बहिणीला आवाजावरून कळतंच ना!

मी पोचले त्याच्या तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ताई, आवर लवकर. आज मंगळवार. आपल्याला चर्चमध्ये जायचंय."

मी चमकलेच. "चर्चमध्ये? कशाला?"

"टॉडलर ग्रुप असतो गं तिथे. रांगत्या-चालत्या मुलांचा. आणि हे बघ, आईला सांगू नकोस हं."

या शेवटच्या वाक्याने माझ्या पोटात गोळा आला. लपवण्यासारखं काही आहे, म्हणजे काहीतरी असणारच! मी पदवीधर, पंधरा-वीस वर्षं समाजकार्य केलेली बाई. पण त्या क्षणी मनात पहिला विचार आला तो हाच, की एकट्या पडलेल्या पोरीला कुणी गाठलंय. खोटं कशाला सांगू?

चर्चच्या दारात पाटी होती आणि तिच्यावर चार नावं. चर्च ऑफ इंग्लंड, मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट आणि युनायटेड रिफॉर्म्ड. चार पंथ आणि इमारत एक. मला वाटलं, भाड्याने वापरत असतील. तसं नव्हतं. चौघांची मिळून एकच मंडळी होती. रविवारची उपासना एकत्र, खर्च एकत्र आणि मुलांचं कामही एकत्र. अशा भागीदाऱ्या इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी आहेत. १९६४ साली नॉटिंगहॅमच्या परिषदेत ब्रिटनमधल्या चर्चांनी ठरवलं होतं, की १९८० पर्यंत आपण एक व्हायचं. ते काही झालं नाही. अँग्लिकन आणि मेथॉडिस्टांच्या विलीनीकरणाची योजना १९७२ मध्ये बारगळली. पण वर धर्मपंडितांचं जमेना तेव्हा खाली, गल्लीत, लोकांनी जमवून घेतलं. मिल्टन कीन्स हे १९६७ मध्ये आखलेलं नवं शहर. शेतजमिनीवर नव्याने घरं उठत होती. तिथे चार पंथांनी चार देवळं कशाला बांधायची, असा साधा हिशेब. शहराच्या मध्यभागी तर १९९२ साली उघडलेल्या चर्चमध्ये या चौघांबरोबर रोमन कॅथलिकही आहेत.

गंमत अशी, की या पंथांचा एक मोठा मतभेद आहे तोच मुळी मुलांवरून! बाकीचे तिघे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट म्हणतात, छे, ज्याला कळत नाही त्याला कसला बाप्तिस्मा? मोठं होऊन त्याने स्वतः ठरवू दे. या प्रश्नावरून युरोपात शेकडो वर्षांपूर्वी माणसं तुरुंगात गेली आहेत, जिवानिशी मारलीही गेली आहेत. आणि इथे काय करतात? आईबापांनाच विचारतात. तुम्हाला आत्ता बाप्तिस्मा हवा की नुसती आभाराची प्रार्थना आणि आशीर्वाद? तुम्ही म्हणाल तसं. वाद मिटलेला नाही. पण त्यापायी पाळणा अडलेला नाही.

आता त्या मंगळवारबद्दल सांगते. मोठी खोली, सतरंजीवर खेळणी, एका कोपऱ्यात रंग, एका कोपऱ्यात अगदी तान्ह्यांसाठी गाद्या. वीसेक आया आणि एक-दोन बाबाही. पोलंडची एक, नायजेरियाची एक, केरळची एक, डोक्यावर रुमाल बांधलेली सोमाली एक. चहा, बिस्किटं, आणि डब्यात एक पौंड टाकायचा. नसला तर कुणी बघत नाही. माझी बहीण, जी घरी दोन वाक्यांच्या वर बोलत नव्हती, ती इथे दातांवरून आणि झोपेवरून चक्क तावातावाने गप्पा मारत होती. शेवटी गोल करून गाणी आणि दहा मिनिटांची बायबलमधली गोष्ट. ज्यांना थांबायचं नसेल ते गोष्टीआधी जाकीट चढवून निघत होते. त्यांना कुणी अडवलं नाही की तोंड वाकडं केलं नाही.

तरी माझ्या मनातलं जाईना. चहा करणाऱ्या बाई सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त नर्स. कप विसळायला मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि सरळच विचारलं, "ही सगळी मुलं ख्रिस्ती व्हावीत असं तुम्हाला वाटतं का?"

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "लपवण्यासारखं काही नाही. हे चर्च आहे, म्हणून आम्ही येशूची गोष्ट सांगतो. कुणाला ती आवडली तर मला आनंदच होईल. पण चहा त्याच्या बदल्यात नाही."

बोलणं सोपं असतं, मी मनात म्हटलं. पण पारखायची संधी लवकरच आली. महिन्यातून एका शनिवारी तिथे 'मेसी चर्च' असतं. पोर्ट्समथजवळच्या काउप्लेनमध्ये २००४ साली सुरू झालेली ही पद्धत आता बऱ्याच देशांत पोचली आहे. आईबाप आणि मुलं मिळून डिंक, रंग, चिखल असलं काहीतरी करतात, मग गोष्ट आणि प्रार्थना, मग सगळे एकत्र जेवतात. ही मात्र उपासनाच. आम्ही एकदा गेलो. भाच्याने मनसोक्त हात रंगवले. बहिणीला प्रार्थनेच्या वेळी अवघडल्यासारखं झालं आणि तिने पुढच्या वेळी येणार नाही असं सांगून टाकलं. मंगळवारी आम्ही पुन्हा गेलो, तर तोच चहा, तेच हसू, "बाळाची सर्दी कशी आहे?" हीच चौकशी. मग मात्र माझ्या पोटातला गोळा बराचसा विरघळला.

एक प्रसंग मात्र मला लागला. एक चिमुरडी शी लागली म्हणून रडत होती. तिची आई तान्ह्याला पाजत होती. मी सवयीने तिचा हात धरून न्हाणीघराकडे निघाले, तर एका बाईंनी गोड बोलून, पण ठामपणे मला थांबवलं. ज्यांची पोलिसी नोंदी बघून तपासणी झाली आहे त्यांनाच इथे मुलांचं काम करता येतं, तेही दोघींनी मिळून. आणि न्हाणीघरात न्यायचं ते आईनेच. फोटोसुद्धा आईबापांना विचारल्याशिवाय काढायचा नाही. मला अपमान वाटला. इतकी वर्षं मी बालवाडीत पोरांची नाकं पुसली, आणि माझ्यावर संशय?

घरी येऊन शांत डोक्याने विचार केला. तिथल्या चर्चने हे नियम सुखासुखी केलेले नाहीत. आपल्याच माणसांवर आंधळा विश्वास ठेवला आणि मुलांनी भोगलं, हे २०२० च्या सरकारी चौकशी अहवालात चर्च ऑफ इंग्लंडबद्दल स्पष्ट लिहिलं गेलं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तर अशाच एका जुन्या प्रकरणात पुरेशी पावलं उचलली नाहीत म्हणून खुद्द कँटरबरीच्या आर्चबिशपांना पद सोडावं लागलं. आपल्याकडे २०१२ पासून पोक्सो कायदा आहे. तरी आपण अजून "अहो, घरचाच माणूस आहे" यावर किती मुलं सोपवतो! चांगल्या बाईला नियमाचा राग येऊ नये. नियम तिच्यासाठी नसतोच, मुलासाठी असतो. हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं.

आता कुणी म्हणेल, ही एकी गोऱ्यांनाच जमते. असं मुळीच नाही. आपल्या नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यातही बॅप्टिस्ट होते, आणि बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती मान्य करूनच ते एक झाले. त्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी कौतुकाने ऐकून घेतलं.

आणि मग मला आमची वसाहत आठवली. आम्ही चौघी मैत्रिणी वसाहतीच्या खोलीत मुलांचा संस्कारवर्ग चालवत होतो. सहा वर्षं चालला. मग दोन मंडळांत जुंपली. वर्गाची सुरुवात कुणाच्या प्रार्थनेने करायची आणि बॅनरवर वरती नाव कुणाचं? आधी एकाचे दोन वर्ग झाले, मग दोन्ही बंद पडले. दुसऱ्या धर्माची मुलं तर दूरच, शेजारच्या इमारतीतली मुलंही यायची थांबली. आज त्या खोलीत गणपतीचे खांब आणि जुने बॅनर आहेत आणि दाराला कुलूप. वाईट याचं वाटतं, की तेव्हा मी एकाच मंडळाच्या बाजूने हिरिरीने भांडले होते.

त्या चर्चमध्येही सगळं गोडच आहे असं नाही. राबणाऱ्या चौघी-पाचजणी, सगळ्या सत्तरीच्या. "आम्ही गेल्यावर कोण करणार, देव जाणे," बाई म्हणाल्या. तरुण आया नोकरी करतात, त्यांना वेळ नाही. बायकांच्या फुकट कष्टांवर उभं राहिलेलं काम बायका थकल्या की बसतं. त्या भागीदारीने मुलांच्या कामासाठी अर्धवेळ पगारी माणूस नेमायचं ठरवलं होतं, चौघांच्या तिजोरीतून. मला ते पटलं. मुलांचं काम खरंच महत्त्वाचं वाटत असेल तर ते हिशेबाच्या वहीत दिसायला हवं, नुसतं भाषणात नको.

निघायच्या आदल्या दिवशी मी बहिणीला म्हटलं, "आईला सांगून टाक." तिने फोन लावला, घाबरतच. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तिथे बोलायला बायका आहेत ना? मग जा. आणि जाताना कधी चकल्या करून ने. रिकाम्या हाताने जाऊ नये."

परत आल्यावर मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे त्या खोलीची किल्ली मागितली आहे. दोन्ही मंडळांच्या बायकांशी बोलते आहे. या वेळी दार सगळ्या मुलांसाठी उघडं, आणि दोघी मोठ्या बायका असल्याशिवाय वर्ग भरणार नाही, एवढे दोनच नियम. प्रार्थना कुठली, ते अजून ठरलेलं नाही. नाही ठरलं तर गाण्याने सुरुवात करू.

मैत्रिणींनो, तुमच्या वसाहतीतल्या बंद खोलीची किल्ली कुणाकडे आहे?