दाते कुठल्या बाजूने झिजले?

फिलाडेल्फियात १८१२ साली चार्ल्स रेडहेफर नावाच्या गृहस्थाने एक यंत्र मांडलं. कोळसा नाही, पाणी नाही, घोडा नाही, तरी चाक आपलं फिरतंय. लोक तिकीट काढून बघायला जात. मोठं यंत्र उभारायला पैसे हवेत म्हणून त्याने शहराकडे हात पसरला आणि तिथे फसला, कारण पैसे द्यायचे म्हटल्यावर जानेवारी १८१३ मध्ये तपासनीस आले. त्यांना खोलीचं दार कुलूपबंद दिसलं. किल्ली सापडत नाही, तेव्हा गजांच्या खिडकीतून काय ते बघा, असं सांगण्यात आलं. तपासनीस नेथन सेलर्स यांच्यासोबत त्यांचा मुलगा कोलमन होता. त्याने खिडकीतूनच एक गोष्ट हेरली. रेडहेफरचं म्हणणं असं, की आपलं यंत्र शेजारच्या दुसऱ्या यंत्राला फिरवतं. पण दातेरी चाकाचे दाते झिजले होते ते नेमके उलट्या बाजूने. फिरवणारं यंत्र वेगळंच होतं आणि ‘अखंड’ यंत्र त्याच्या जोरावर फिरत होतं.

मला या मुलाचं फार कौतुक वाटतं. माझी नोकरी गिअरबॉक्स उघडण्यात गेली, आधी भोसरीत आणि मग इथे पेनसिल्व्हेनियात. जुना गिअर समोर आला की आधी कॉटन वेस्टने ग्रीस पुसायचं, टॉर्च आडवी धरायची आणि दात्यावरून नख फिरवायचं. भार घेणारी बाजू आरशासारखी गुळगुळीत झालेली असते. दुसऱ्या बाजूवर कटरच्या मूळच्या रेघा कित्येकदा तशाच असतात, नख अडकतं. कोण कोणाला ढकलत होतं हे दाते सांगून टाकतात, मालक काहीही म्हणो. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम तेव्हा कोणी मांडलेलाही नव्हता, त्यामुळे कोलमनला तो माहीत असायचा प्रश्नच नव्हता. त्याचं अडलं नाही.

पुढची गंमत न्यूयॉर्कची. रेडहेफरने तिथे पुन्हा खेळ मांडला. वाफेच्या बोटीचे रॉबर्ट फुल्टन ते बघायला गेले. चाकाची चाल त्यांना एकसारखी वाटेना, मध्येच जोर, मध्येच ढिलाई. हाताने हँडल मारल्यावर होते तशी. त्यांनी आधाराच्या दोन-चार फळ्या काढल्या तर आतून तातीचा पट्टा निघाला. त्याचा माग काढत ते माळ्यावर पोचले, तर तिथे एक दाढीवाला म्हातारा एका हाताने पाव खात दुसऱ्या हाताने दांडा फिरवत बसलेला! खाली जमलेल्या लोकांनी मग यंत्राचा चुराडा केला. त्या म्हाताऱ्याला मजुरी काय मिळत होती कोण जाणे.

हे सगळं आता सांगायचं कारण, अशी यंत्रं अजून विकली जातात. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत कोणीतरी मोबाइल पुढे करतं: चुंबकावर चालणारी मोटर, पंखा फिरतोय, दिवा पेटलाय. गावाकडचे नातेवाईक विचारतात, बिनइंधनाचा जनरेटर येतोय म्हणे, शेतावर घ्यावा का? माझं उत्तर स्वच्छ आहे: असं यंत्र चालत नाही, चालणार नाही. बेअरिंगमध्ये, हवेत, तारेत ऊर्जा सतत उष्णता होऊन निघून जाते. ती कुठून तरी भरून काढावी लागते, आणि त्यातून वर दिवा पेटवायचा तर आणखी लागते. पण थर्मोडायनॅमिक्सचं हे प्रवचन विकणाऱ्यावर चालत नाही. ‘शास्त्रज्ञांना सगळं कुठे कळलंय?’ हे त्याचं उत्तर तयार असतं. म्हणून माझा आग्रह आहे की वाद सिद्धांतावर घालू नका, मोजमाप मागा.

अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाची रीत मला यासाठीच आवडते. एरवी ते अर्जदाराकडे चालतं मॉडेल मागत नाहीत, पण अखंड गतीचा दावा असेल तर मागतात. मिसिसिपीच्या जोसेफ न्यूमन यांनी १९७९ मध्ये आपल्या ऊर्जायंत्रासाठी अर्ज केला. नकार मिळाला तेव्हा ते कोर्टात गेले. टीव्हीवर झळकले, त्यांना मानणारेही पुष्कळ मिळाले. कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञाचा अहवालसुद्धा त्यांच्या बाजूने गेला. तरी कोर्टाचं समाधान झालं नाही. यंत्र सरकारी मानक संस्थेकडे तपासायला गेलं आणि १९८६ चा निकाल असा, की प्रत्येक चाचणीत आत गेलेली वीज बाहेर आलेल्या विजेपेक्षा जास्त. न्यूमन म्हणाले, तुम्ही ते अर्थिंगला जोडलंत म्हणून असं झालं. १९८९ मध्ये अपील कोर्टानेही पेटंट नाकारलं. दहा वर्षं गेली, पण त्यांचा दावा मोजला गेला.

भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(अ) निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध असलेला दावा ‘शोध’च मानत नाही. वेळ वाचतो हे खरं. पण दारातून परतवलेला माणूस गावोगाव सांगत फिरतो की सरकारने माझा शोध दाबला, आणि लोक त्याचं ऐकतात. मला मीटर लावणं जास्त पटतं.

मोजू न दिल्याचं उदाहरणही फिलाडेल्फियाचंच आहे. जॉन कीली यांनी १८७० च्या दशकापासून भागधारकांचा पैसा घेतला, ‘ईथर’मधली शक्ती काढतो म्हणून. रहस्य उघड करायचा कोर्टाचा हुकूम त्यांनी मानला नाही, त्यापायी थोडे दिवस तुरुंगातही बसले. १८९८ मध्ये वारले तोवर बाजारात एकही मोटर आली नव्हती. मग त्यांच्या प्रयोगशाळेची जमीन उकरली, तर खाली सुमारे तीन टनांचा लोखंडी गोळा सापडला. दाबलेल्या हवेची टाकी असावी असा तपासणाऱ्यांचा निष्कर्ष. पाव शतक पैसे दिलेल्यांपैकी कोणी तळघर बघायला मागितलं असतं तर?

आता आपल्या घरचा विषय. ‘हे तर भास्कराचार्यांनी आधीच केलंय’ असं मोबाइलवरच्या त्या व्हिडिओंखाली हटकून लिहिलेलं असतं. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त हलक्या लाकडाचं, पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरलेलं, स्वतः फिरणारं चाक सांगितलंय, हे खरंच आहे. ब्रह्मगुप्तांनीही तसं सांगितलं होतं. वर्णन आहे म्हणून चाक चालतं असं मात्र होत नाही. एका बाजूचा पारा आसापासून लांब जातो, पण वजन आणि अंतर यांचा गुणाकार दोन्हीकडे लवकरच सारखा होतो आणि चाक थबकतं. ज्यांचं गणित आपण मिरवतो त्यांच्या एका चुकलेल्या कल्पनेला झाकून ठेवायची किंवा चमत्कार म्हणून विकायची गरज काय?

चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख आहे. त्या भागातल्या एखाद्या पॉलिटेक्निकने हे चाक करून बघावं. पारा नको, विषारी असतो. रंगीत पाणी चालेल. ग्रीस भरलेल्या बेअरिंगवर एकदा, नुसत्या तेलाच्या बेअरिंगवर एकदा, आणि आरे रिकामे ठेवून एकदा, तोच झटका देऊन फिरवायचं आणि प्रत्येक वेळी ते किती सेकंदांत थांबतं ते फळ्यावर लिहायचं. बघायला गावातल्या जनरेटरवाल्यालाही बोलवा.