माता मायला पाणी घातलं म्हणून बुद्ध बाटतो का?

मागच्या आठवड्यात आपल्या खाप्यातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरला. सत्तरी ओलांडलेली एक बाई, पांढरं लुगडं, हातात तांब्या, निंबाखालच्या माता मायच्या दगडावर पाणी घालते आहे. खाली ओळ : बावीस प्रतिज्ञांना काळिमा. मग काय, पोट्टे तुटून पडले. एकानं लिहिलं, या बुढीला विहारात वर्षावासाच्या वाचनाला बसू देऊ नका.

तोच फोटो संध्याकाळी दुसऱ्या ग्रुपवर दिसला. तिथले लोक वेगळे, मजकूर वेगळा. "पहा, हे कसले बौद्ध! खरा बौद्ध धर्म पाहायचा तर थायलंड-जपानले जा. अन् शेवटी बुद्ध तर विष्णूचा नववा अवतारच ना, मग भांडता कायले?"

दोघांनाही उत्तर द्यायचं आहे. आधी दुसऱ्यांना.

थायलंडला जा म्हणता ना? तिथं घर, दुकान, हॉटेल, कशाच्याही अंगणात खांबावर एक छोटं घरकुल असतं. त्या जागेच्या राखणदार आत्म्याचं. रोज फुलं, पाणी, उदबत्ती. म्यानमारमध्ये ३७ नाट आहेत, म्हणजे आपल्या गावदेवांसारखेच. पॅगोडात जाणारा माणूस त्यांनाही पुजतो. जपानात कित्येक घरांत बुद्धाचा देव्हारा वेगळा अन् शिंतो देवांचा वेगळा, एकाच छताखाली. श्रीलंकेत विहाराच्या आवारातच विष्णूचं अन् कतरगामाचं देऊळ असतं. हे सगळे खरे बौद्ध, अन् खाप्याची बाई तेवढी खोटी? हे कोणतं माप आहे बाप्पा?

दूर कशाला जाता? अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यात हारीती कोरली आहे. लेकरं खाणारी यक्षी बुद्धापुढं नमली अन् लेकरांची राखणदार झाली, अशी तिची कथा. आपली कन्हान पुढं वैनगंगेला मिळते, अन् त्याच वैनगंगेच्या काठी पवनीला दोन हजार वर्षांपूर्वीचा स्तूप १९६९-७० च्या उत्खननात निघाला. तिथल्या खांबावर मुचलिंद नाग आहे. नाग इथल्या मातीतला, बुद्ध बाहेरून आलेला. नागानं बुद्धावर फणा धरला अन् बुद्ध इथला झाला. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूरचा संबंध याच नाग लोकांशी जोडला होता.

म्हणजे सगळंच सगळ्यात मिसळतं, मग अवतार मानायला काय हरकत? इथंच गोम आहे. मिसळणं वेगळं अन् गिळणं वेगळं. श्रीलंकेत विष्णू बुद्धाच्या धम्माचा पहारेकरी आहे. आपल्याकडे बुद्धच विष्णूचा अवतार. देव तेच, फक्त मालक कोण अन् गडी कोण ते बदललं. अन् गिळल्यावर काय झालं? बुद्धाचं नाव पंचांगात राहिलं, त्याची समता गेली, अन् आमच्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवणारी व्यवस्था जशीच्या तशी राहिली. म्हणून बावीस प्रतिज्ञा आल्या. ते वावराचं कुंपण आहे. कुंपण कायले लावलं म्हणून विचारण्याआधी पीक कोणाच्या ढोरांनी खाल्लं ते सांगा.

आता आपल्या पोरांना. तिसरी प्रतिज्ञा स्पष्ट आहे, तुमचं म्हणणं चूक नाही. वागणं चूक आहे.

माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षेला होती, पोटाशी पोर बांधून. परत आली अन् घरातले देव टोपल्यात भरून कन्हानेत सोडून आली. तुम्ही-आम्ही बौद्ध म्हणून जन्मलो. तिला देव सोडावे लागले, अन् देव सोडताना सासू काय बोलली, गाव काय बोललं, ते तिनं सोसलं. त्यानंतर घरात श्राद्ध नाही, पिंडदान नाही, बामण नाही. पण कोणाला गोवर निघाला की गुपचूप माता मायला तांब्याभर पाणी.

मी तेव्हा नुकताच पत्रकारितेचा डिप्लोमा करून आलो होतो, अंगात मस्ती. सगळ्यांसमोर विचारलं, आजी, प्रतिज्ञा विसरली का? ती म्हणाली, "ते देव नोहोय रे बाप्पा, ते माय होय." सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर आजी विहारात कोपऱ्यात बसायला लागली. मग यायचीच बंद झाली. माता माय सुटली नाही, विहार सुटलं. हे माझं कर्तृत्व.

अन् विहारात तरी काय चालतं? तीन महिने "बुद्ध आणि त्यांचा धम्म" चं वाचन, बायांची रांग, शेवटी खीर. हा साचा चातुर्मासातल्या पोथीचाच आहे. भीमगीतांमागं भजनी मंडळांची ढोलकी आहे. आपण जुनं भांडं घासून त्यात नवं अन्न शिजवलं, यात लाज कसली? पण मग त्या बाईचा तांब्या तेवढा डोळ्यात का खुपावा?

भांडायचं तर जिथं माणूस मरतो तिथं भांडा. तापलेलं लेकरू दवाखान्यात न नेता बुवाकडे नेतात, बाईला करणी करते म्हणून मारतात. त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तिथं कॅमेरा काढा, पोलिसात जा. पण ते अवघड असतं. बुढीचा फोटो काढणं सोपं.

मला वाटतं, धम्माची कसोटी साधी आहे. या वागण्यानं कोणी खाली ढकललं जातं का, कोणाला इजा होते का? तांब्याभर पाण्यानं दोन्ही होत नाही. त्या फोटोनं मात्र झालं. प्रतिज्ञा माणूस स्वतः घेतो, स्वतः पाळतो. दुसऱ्याच्या पाठीत घालायची काठी नाही ती.

ज्यानं फोटो टाकला, त्यानं तो काढावा. अन् पुढच्या वाचनाच्या दिवशी त्या आजीच्या घरी जाऊन म्हणावं, चला आजी, विहारात जाऊ. पहिल्या रांगेत बसवा तिला. माझी आजी आता नाही, मला ती संधी नाही. तुम्हाला आहे.

जय भीम.