पाखरांची साक्ष

दरवर्षी हिवाळा आला की ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे, म्हणजेच आपल्या परिचयाच्या फ्लेमिंगोंचे, थवे उतरतात आणि मुंबईकर त्यांच्या दर्शनाने हरखून जातात. हे कौतुक यथायोग्यच आहे. या खाडीस २०१५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत तिची गणना झाली. परंतु पाहुण्यास मानाचे आसन दिले म्हणजे यजमानाचे कर्तव्य संपत नाही. त्याच्या पानात आपण काय वाढतो, हेही पाहावे लागते.

खाडीच्या पूर्वेस ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा गेली सुमारे सहा दशके उभा आहे. कारखान्यांचे आणि भोवतालच्या शहरांचे सांडपाणी अखेर याच खाडीत उतरते. तिच्या गाळात शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त अशा धातूंचे अंश संशोधकांनी वेळोवेळी नोंदविले आहेत. इतर घाण कालांतराने कुजून जाते. धातू कुजत नाही. तो गाळात बसतो, गाळातील किड्यांत शिरतो आणि तेथून पक्ष्याच्या पोटात जातो. शिसे तर इतके कपटी की, शरीर त्यास कॅल्शियम समजून हाडांत साठविते. असा पक्षी तत्काळ मरतोच असे नाही. तो क्षीण होत जातो, आणि त्याचा मृत्यू दुसऱ्याच एखाद्या कारणाच्या खाती जमा होतो.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. ही ठेच पश्चिम ऑस्ट्रेलियातील एस्परन्स या बंदराच्या गावास लागून चुकली आहे. तेथे २००६ च्या डिसेंबरात फुलांतील मध खाणारे पक्षी पटापट मरून पडू लागले. काही महिन्यांत सुमारे ९,५०० पक्षी मेल्याचा अंदाज करण्यात आला. खाणीतून आलेली शिशाच्या कार्बोनेटाची पूड बंदरात जहाजांवर चढविली जात असता तिची धूळ गावावर पसरत होती. मेलेल्या पक्ष्यांतील शिसे त्याच पुडीचे होते, असे तपासाअंती निष्पन्न झाले. मग घराघरांतील पावसाच्या पाण्याच्या टाक्या आणि मुलांचे रक्त तपासण्यात आले, तेव्हा तेथेही शिशाचा शिरकाव आढळला. २००७ साली त्या राज्याच्या कायदेमंडळाच्या समितीने चौकशी केली आणि पुढे गावाच्या सफाईची मोहीम काढावी लागली. पाखरे मेली नसती, तर आपल्या मुलांच्या रक्तात काय मिसळत आहे हे तेथील मातांस केव्हा कळले असते?

ठाण्याची खाडी म्हणजे एस्परन्स, असे आम्ही म्हणत नाही. तेथे विष हवेतून आले. येथील प्रश्न पाण्याचा आणि गाळाचा आहे. परंतु ज्या गाळात पक्षी चोच घालतो, त्याच गाळातील निवट्या आणि खेकडे आमचे कोळी बांधव पकडतात, आणि ते माणसांच्याच ताटात पडतात. शिशाची कोणतीही मात्रा मुलांस निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ पक्षिमित्रांच्या हौसेचा उरत नाही.

आमची मागणी साधी आहे. मेलेल्या पक्ष्यांची मोजदाद करण्याची वेळ येण्यापूर्वी जिवंत पक्ष्यांची साक्ष नोंदवावी. पीस वाढत असताना रक्तातील धातू त्यात उतरतात आणि तेथेच राहतात. फ्लेमिंगो पाहुणा आहे. त्याचे पीस कोठे वाढले हे सांगणे अवघड. परंतु खाडीकाठी घरटी करणाऱ्या बगळ्यांच्या पिलांची पिसे येथील अन्नावरच वाढतात. ती पिसे, गाळ आणि मासळी यांची दरवर्षी ठरल्या वेळी तपासणी व्हावी. हे काम एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधावर सोडून चालणार नाही. निष्कर्ष कोळीवाड्यातील माणसासही समजेल अशा मराठीत प्रसिद्ध व्हावेत आणि धातूचे प्रमाण वाढलेले दिसताच ते कोणत्या नाल्यातून आले याचा माग काढला जावा.

कारखाने बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. त्यांवर हजारो कुटुंबे जगतात. पण त्याच कुटुंबांची मुले या खाडीच्या काठी वाढत आहेत. पाखरांची साक्ष वेळीच काढण्याचा खर्च अल्प आहे. तो टाळला, तर पुढची तपासणी मुलांच्या रक्ताची करावी लागेल.